चिखलदरा पाहायला नको, राहायला जा

आमच्या गल्लीतल्या एक काकू स्वित्झर्लंडला जाऊन आल्या. दहा दिवसांत किती गावं झाली ते त्या बोटांवर मोजून सांगतात, पण सेंट मॉरिट्झचं नाव निघालं की जरा थांबतात. बसमधून उतरलो, तळ्याकाठी फोटो काढले, बाथरूम शोधलं, पाऊण तास संपला, परत बसमध्ये. "तिथं लोकं काठावर नुसते बसून होते जी. काहीच करून नव्हते राहिले," असं त्या सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात त्या लोकांचा थोडा हेवा असतो आणि थोडा रागही.

त्या गावाचे दोन भाग आहेत. वर उतारावर 'डोर्फ', म्हणजे जुनं गाव, आणि खाली तळ्याच्या टोकाशी 'बाड', म्हणजे स्नानाची वस्ती. बाडमध्ये लोहयुक्त पाण्याचा झरा आहे. 1907 साली तो झरा नव्याने बांधायला काढला तेव्हा जमिनीत लाकडी खोडांचं जुनं बांधकाम सापडलं. ती झाडं इसवी सनापूर्वी 1411 साली तोडलेली होती, हे पुढे खोडांवरची वर्तुळं मोजून ठरलं. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षं माणसं त्या झऱ्यावर येत आहेत. मोठी हॉटेलं, बर्फावरचे खेळ, 1928 आणि 1948 चं हिवाळी ऑलिंपिक हे सगळं फार नंतरचं. आधी होतं ते पाणी. आणि पाण्यासाठी येणारा माणूस पाऊण तासात परत जात नसे, आठवडेच्या आठवडे राहत असे. काकूंना दिसले ते काठावर बसलेले लोक त्यांचेच वारस म्हणायचे.

हे सगळं सांगायचं कारण असं, की यासाठी आपल्या भाषेत फार चांगला शब्द होता आणि आपण तो वापरायचं सोडून दिलं. हवापालट. टायफॉइडमधून उठलेलं पोर, बाळंतपणाने खंगलेली सून, परीक्षेने डोळे खोल गेलेला मुलगा, यांना डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीबरोबर सांगायचे, महिनाभर हवापालट करून या. माणूस मग ट्रंक, वळकटी आणि कंदील घेऊन कुठेतरी जाऊन राहायचा. साहेबलोकांनी तर त्याचं सरकारच करून टाकलं होतं. उन्हाळा आला की मध्य प्रांताचा कारभार नागपुराहून पचमढीला हलायचा आणि वऱ्हाडातले अधिकारी चिखलदऱ्याला चढायचे. आपण इकडे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसायचो.

आता साहेब गेले, ताट्या गेल्या, कूलर आला, एसी आला, दारात गाडी आली. आणि आपण चिखलदऱ्याला काय करतो? रविवारी पहाटे चारला निघतो, अकराला पोचतो, धुक्यात उभं राहून खालची दरी दिसत नाही म्हणून चडफडतो, कणीस खातो आणि रात्री बाराला घरी येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगतो, काही खास नाही बे, गर्दी लय होती.

माझं तुम्हाला साधं सांगणं आहे. चिखलदरा पाहायला जाऊ नका. राहायला जा. निदान चार रात्री.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, खत्ता खाऊन सांगतो. एका वर्षी पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही सहा जण निघालो. घाटात गाड्यांची रांग लागली ती लागलीच. पुढे सरकता येईना, मागे वळता येईना. पोरं रडकुंडीला आली, आईला गाडीतून उतरून आडोसा शोधावा लागला, आणि आमच्या पुढच्या गाडीतल्या मंडळींनी तेवढ्यात स्पीकर लावून रस्त्यावरच नाच सुरू केला. वर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. राहायला जागा नव्हती, उलटपावली परतलो. चिखलदरा मी त्या दिवशी पाहिलं असं म्हणायला हरकत नाही, कारण पाटी दिसली होती.

तेव्हा पहिली गोष्ट वाराची. मंगळवारी चढा, शनिवारी सकाळी उतरा. जुलै ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्ट तर चिखलदऱ्याला विसरूनच जा. पावसाळा मुळीच नको असं मी म्हणणार नाही. धबधबे तेव्हाच असतात आणि धुकं खिडकीतून घरात शिरतं ते अनुभवण्यासारखं असतं, पण मधल्या वारीच जा. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस धुऊन गेलेला, हवा स्वच्छ, दरी तळापर्यंत दिसते, सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं. मे महिन्यातही नागपूरपेक्षा बरंच सुसह्य असतं, रात्री तर नक्कीच. पण मेमध्ये जाऊ नका. त्याचं कारण पाणी आहे आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

चिखलदरा साताऱ्याकडच्या महाबळेश्वरासारखं सह्याद्रीत नाही, ते सातपुड्यात आहे, अमरावती जिल्ह्यात, गाविलगडच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटरवर. विदर्भाला एवढं एकच थंड हवेचं ठिकाण. पाऊस इथे भरपूर पडतो, आपल्या नागपूरपेक्षा पुष्कळच जास्त. मग टंचाई कशी? तर डोंगराचा माथा अरुंद, कडे उभे आणि खाली काळा पाषाण. पडलेला थेंब थांबत नाही. दक्षिणेकडे पडला तर चंद्रभागेतून पूर्णेत जातो, उत्तरेकडे पडला तर सिपनेतून निघतो, आणि शेवटी दोन्हीकडचं पाणी तापीतच. माथ्यावर उरतं ते तळ्यांत अडवलेलं. शक्कर तलाव आणि काळापाणी, ही ती तळी. शक्कर तलावावर आपण बोटिंग करतो, पायडल मारत फोटो काढतो, पण ते नुसतं शोभेचं पाणी नाही, गावाची तहानही या तळ्यांवरच भागत आली आहे. एप्रिल-मे आला की वरच्या वस्त्यांत आणि आसपासच्या गावांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. आणि त्याच वेळी आपण खोलीत शिरून आधी विचारतो, गीझर चालू आहे ना? शॉवरला प्रेशर आहे ना?

एका मुक्कामात आम्ही उतरलो होतो त्या जागेला पोहण्याचा तलाव होता. निळा, चकचकीत. त्याच सकाळी रस्त्याच्या पलीकडे टँकरभोवती भांडण चाललं होतं. मी काही संत नाही, मी त्या तलावात उतरलो होतो. पण नंतर पुन्हा त्या ठिकाणी गेलो नाही आणि तुम्हालाही सांगतो, पोहण्याचा तलाव, बाथटब, 'स्पा' अशी जाहिरात वाचून डोंगरमाथ्यावरची खोली घेऊ नका. एक बादली मागा. बादलीत आंघोळ होते, आपले आजोबा करत होते. डोंगरावर हवा घ्यायची असते. पाण्याचं सुख घ्यायचं असेल तर त्याची जागा खाली पायथ्याला आहे, तिकडे मी तुम्हाला नेणारच आहे.

माथ्यावर पाणी धरून ठेवायचं म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर गाविलगडावर जा. चिखलदऱ्याला जाऊन हा किल्ला न चढलेली माणसं मला भेटतात तेव्हा खरोखर वाईट वाटतं, कारण ते चढणंसुद्धा फारसं नाही. दोन-तीन तास मोकळे ठेवा, पाण्याची बाटली घ्या, सकाळी जा. 1425 च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहाने इथला किल्ला बांधून काढला असं मानतात. त्याआधी इथे गवळी राज्य करत होते आणि नाव त्यांच्यावरून पडलं. दरवाजांवर गंडभेरुंडाची शिल्पं आहेत, ती मान वर करून नीट बघा. आत गेल्यावर देवतलाव आणि मच्छीतलाव लागतात. एवढ्या उंचीवर शेकडो माणसं, घोडी, हत्ती राहत होते ते या तळ्यांच्या भरवशावर. तोफा गंजल्या, वाडे पडले, तळी अजून भरतात.

आपल्या नागपूरकरांचं तर या किल्ल्याशी नातं आहे. तो भोसल्यांचा होता. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावच्या लढाईत हरल्यावर भोसल्यांची फौज इथे येऊन राहिली, आणि मागोमाग आर्थर वेलस्ली आला, जो पुढे वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला हरवणार होता. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याने तोफा डोंगरातून माणसांच्या हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या. 15 डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, दुसऱ्या रघुजींनी देवगावचा तह केला आणि कटक, बालासोरसकट मोठा मुलूख गेला. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यांवरून आपण रोज जातो, पण त्या वाड्यांचं नशीब या कड्यावर फिरलं हे तिथे उभं राहिल्याशिवाय अंगाला लागत नाही. वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथे आला आणि त्याने हे ठिकाण 'शोधलं' असं पुस्तकांत छापतात. कोरकू तिथे आधीपासून राहत होते, गवळी गुरं चारत होते, भोसल्यांचा किल्ला होता, भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं ती दरी दाखवायला लोकही होते. कीचकदरा म्हणून चिखलदरा, अशी ती गोष्ट. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. तर रॉबिन्सनला काय सापडलं? मला वाटतं, बंगला बांधायला जागा.

किल्ला आणि भीमकुंड झाल्यावर तुमच्या हातात गाडीवाला पॉइंटांची यादी ठेवेल. देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट आणि आणखी कितीतरी. सगळे एका दुपारी उरकायचा हट्ट धरू नका. ती एकाच दरीची वेगवेगळी तोंडं आहेत. रोज एक घ्या. पंचबोलला हाक मारली की दरी पाच वेळा परत देते असं म्हणतात, पण शेजारी तीस माणसं एकदम बोंबलत असली तर दरीने कोणाकोणाला उत्तर द्यावं? मंगळवारी-बुधवारी जाल तर तुम्ही आणि दरी, दोघंच.

आणि उरलेला वेळ? काही करू नका. हे सर्वांत अवघड आहे, मला ठाऊक आहे. आपल्याला सुट्टीतही हजेरी लावायची सवय. शक्कर तलावाच्या काठावर सकाळी चहा घेऊन बसा. पाण्यावरचं धुकं उठायला किती वेळ लागतो ते पाहा. गावात पायी फिरा, जुने बंगले पाहा, कुठे कॉफीची झाडं दिसली तर ओळखा, गडद हिरवी, चकचकीत पानांची. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती या चिखलदऱ्यात. नागपूरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणतो तुम्ही कूर्गचं सांगून राहिले. मोथा गावाकडे चालत जा, तिथे हल्ली स्ट्रॉबेरीचे वाफे दिसतात, आणि तिथला गवळ्यांचा खवा खा. रबडीसुद्धा. मधुमेह असलेल्यांनी वास घ्यावा. वैराटला जा, मेळघाटातला उंच माथा, तिथून सूर्य बुडताना पाहा आणि अंधार पडायच्या आत परत या, कारण हे व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. वाघ तुम्हाला दिसणार नाही, त्याच्या मागे लागून चार दिवस जिप्सीत घालवू नका. कान उघडे ठेवलेत तर दुसरं पुष्कळ ऐकू येईल. याच रानात रानपिंगळा आहे. शंभराहून अधिक वर्षं तो कोणाला दिसला नव्हता, संपला असं समजत होते, 1997 मध्ये तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतर कळलं की मेळघाटात तो चांगला नांदतो आहे.

कोरकूंबद्दल दोन शब्द. आपण त्यांच्या अंगणात पाहुणे आहोत हे लक्षात ठेवा. त्यांची भाषा मराठीची किंवा हिंदीची बोली नाही, तिचं नातं थेट झारखंडच्या मुंडारी, संथाळीशी आहे. त्यांच्या घरासमोर गाडी थांबवून न विचारता फोटो काढू नका. पोरांच्या हातात चॉकलेटं आणि दहाच्या नोटा ठेवून आपण दयाळू झालो असं समजू नका, त्याने ती पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहायला शिकतात. मेळघाट म्हटलं की कुपोषणाच्या बातम्या आपल्याला आठवतात, आणि त्या खोट्या नाहीत. बैरागडला जाऊन आयुष्य काढणाऱ्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, ती त्या बातम्यांशी झगडल्याबद्दलच. पण म्हणून प्रत्येक कोरकू माणसाकडे कीव करून पाहायची गरज नाही. मध, कुटकी, टोपल्या घ्यायच्या तर बाजारात बसलेल्या बाईकडून घ्या आणि तिने सांगितलेल्या भावात घ्या. मॉलमध्ये आपण घासाघीस करतो का? होळीच्या दिवसांत गेलात आणि पोरी-बायांनी गाडी अडवून फगवा मागितला तर खिडकीची काच वर करू नका. तो सण आहे, वाटमारी नाही. हसून द्या आणि पुढे जा.

कचऱ्याचं मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याने जाताना गुरुकुंज मोझरी लागतं, राष्ट्रसंतांचं. अमरावती ओलांडून परतवाड्याकडे वळलात की वलगाव लागतं. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच वलगावजवळ, पेढी नदीकाठी. ज्या माणसाने जन्मभर खराटा हातात घेऊन आधी गाव झाडलं आणि मग कीर्तन केलं, त्याच्या जिल्ह्यातून आपण जातो आणि दोन तासांनी घाटात वेफर्सची पिशवी खिडकीतून सोडतो. माकडं ती पिशवी चाटतात, हरणं ती गिळतात. गाडीत एक जुनी पिशवी ठेवा, सगळा कचरा तिच्यात घाला, आणि परत नागपूरला आणून आपल्या घंटागाडीत टाका. वर टाकायला जागाच नाही, तिथला कचरा कुठे जाणार, दरीतच. माकडांना खायला देणं हाही कचराच समजा.

वाटेचं थोडक्यात. नागपूर ते चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, अमरावती, परतवाडा असं. गाडीत पेट्रोल परतवाड्यालाच भरून घ्या. तिथून घाट दोन, एक घटांगवरून आणि एक धामणगाव गढीवरून. जाताना एक, येताना दुसरा घ्या, रान वेगवेगळं दिसतं. रात्री घाट चढू नका. गाडी नसेल तर परतवाड्यापर्यंत एसटीने या आणि तिथून दुसरी धरा, म्हाताऱ्या माणसांना तर एसटीच बरी, खिडकीतून पाहता येतं आणि पोराने गाडी कशी चालवली यावरून भांडण होत नाही. राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, लहान-मोठी लॉज आहेत, आधी फोन करून ठरवा. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या पाच दिवसांना पुरतील एवढ्या बरोबर ठेवा. मोबाइलला रेंज मधूनमधून जाते. ती गेली की घरच्यांशी बोलता येतं.

आता पाण्याकडे. परत येताना अमरावतीचा मोठा रस्ता सोडा. परतवाड्याहून चांदूर बाजार, मोर्शी, वरुड, काटोल असं या. रस्ता सावकाश आहे, पण सगळा संत्र्याचा आहे. अंबिया बहराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात झाडावर पिवळी धमक दिसतात, मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. वाटेवर रिद्धपूर आहे. गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते इथे. आपण जी भाषा बोलतो तिच्या गद्याची ही पहिली ओसरी, आणि मराठी भाषा विद्यापीठही आता इथेच सुरू झालं आहे. अर्धा तास उतरा.

मोर्शीजवळ डोंगराच्या कुशीत सालबर्डी आहे. अर्धं गाव महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशात, मधून नदी. चक्रधरस्वामींनी इथल्या डोंगरात तप केलं असं महानुभाव मानतात. वर गुहेत महादेव आहे आणि महाशिवरात्रीला तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. आणि इथे दोन झरे आहेत, एक थंड, एक गरम, गंधकाच्या वासाचा. जमीन इथे खोलवर भेगाळलेली आहे, सातपुड्याच्या पायथ्याला धरून ही भेग लांबवर गेली आहे. पावसाचं पाणी तिच्यातून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. याच परिसरातल्या खडकांत डायनोसॉरच्या अंड्यांचे अवशेष सापडले आहेत. पोरांना हे आधी सांगा, मग ती गुहेत जायला कुरकुर करत नाहीत.

हे आपलं बाड. इथे संगमरवर नाही, पांढरे टॉवेल घेऊन उभी असलेली मुलगी नाही, पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. स्वच्छता तुम्ही म्हणाल तशी नसेल. पण पाणी पोटातून येतं आणि ते चार दिवसांच्या चालण्याने आखडलेल्या पोटऱ्यांना लागतं तेव्हा कळतं की माणसं हजारो वर्षं झऱ्यांवर का जातात. या पाण्याने कातडीचे सगळे रोग जातात असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडचं औषध चालू ठेवा. गंधकाचं मलम खरजेला फार पूर्वीपासून वापरतात, तेवढ्यावरून झऱ्याला दवाखाना समजायचं कारण नाही. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. आधी हाताने पाणी पाहा, मग पाय घाला. हृदयविकार, कमी-जास्त होणारं बीपी, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. उघडी जखम असेल तर नाहीच. डोकं बुडवू नका, नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नका, तीर्थ म्हणून पिऊ नका. आणि साबण, शाम्पू, डिटर्जंटची वडी गाडीतच ठेवा. आपल्या मागे दुसरी माणसं उतरणार आहेत.

ज्यांना हे आवडलं त्यांनी पुढच्या वेळी दूर जावं. पचमढीकडे अनहोनी आहे, किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उनकेश्वर आहे, दोन्ही गंधकाचीच. विदर्भातली माणसं श्रावणात नागद्वारला आणि शिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन मोठ्या महादेवाला पायी जातात, त्यांच्या आजी-आजोबांना ही ठिकाणं पाठ होती. त्यांना विचारा. त्यांनी कधी 'वन डे रिटर्न' केलेलं नाही.

एक विनंती मात्र उरते आणि ती चिखलदऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. वर गेल्यावर लोक विचारतील, काय पाहिजे साहेब तुम्हाला इथे? काचेचा पूल पाहिजे? मोठं रिसॉर्ट पाहिजे? तळ्याकाठी स्पा पाहिजे? आपण जे मागू तेच तिथे उभं राहणार आहे. दहा वर्षांत आपण स्पीकर मागितला, तो आला. पोहण्याचा तलाव मागितला, तोही आला. आता बाके मागा. तळ्याकाठी बसायला सावलीत चार बाके, स्वच्छ संडास, किल्ल्यावर नीट माहिती सांगणारा गावातलाच एखादा शिकलेला कोरकू पोरगा, आणि काळापाण्यात मे महिन्यापर्यंत पाणी. अभिप्रायाची वही समोर आली की हे लिहून या.

कॅलेंडर काढा. येत्या नोव्हेंबरातला, दिवाळीची गर्दी सरल्यानंतरचा एक मंगळवार धरा, आजच रजेचा अर्ज टाका. बादली खोलीत मिळते. स्वेटर मात्र घरून न्या.